डोळ्यातली बाहुली आणि शाळेतलं लेकरू

आजची गोष्ट आपल्या सगळ्यांच्या चेहऱ्यावर आहे. आरशात बघितलं की डोळ्याच्या मधोमध जो काळा ठिपका दिसतो, त्याला आपण बाहुली म्हणतो. का बरं म्हणत असू? कुणाच्या डोळ्यात अगदी जवळून बघा. त्या काळ्या ठिपक्यात आपलंच इवलंसं रूप दिसतं, खेळण्यातल्या बाहुलीएवढं. म्हणून ती बाहुली. संस्कृतात तिला कनीनिका म्हणतात, म्हणजे लहान मुलगी. इंग्रजीत तिला प्युपिल म्हणतात आणि गंमत अशी, की शाळेत शिकणाऱ्या मुलालाही इंग्रजीत प्युपिलच म्हणतात. दोन्ही शब्द लॅटिन भाषेतल्या लहान मुलगी किंवा बाहुली या अर्थाच्या एकाच शब्दातून आलेले आहेत.

आज या दोन्ही 'प्युपिल'बद्दल बोलू. डोळ्यातली बाहुली शाळेतल्या लेकराबद्दल काही सांगते का? गेली साठ वर्षं जगभरच्या विद्यापीठांत यावर अभ्यास चाललाय. त्यातला बराचसा अभ्यास डॉक्टरेटसाठी शिकणाऱ्या मुलामुलींनी केलाय. त्यातून जे कळलं, ते 'ढ' हा शिक्का बसलेल्या प्रत्येक लेकराच्या आईला माहीत असायला हवं.

बाहुली म्हणजे नेमकं काय?

बाहुली ही काळी वस्तू नाही. ते एक भोक आहे, डोळ्यात उजेड जाण्याचं दार. डोळ्याच्या आत अंधार असतो म्हणून ते काळं दिसतं. भोवतीचं तपकिरी कडं म्हणजे त्या दाराचा पडदा. त्यात दोन प्रकारचे बारीक स्नायू असतात. एक स्नायू गोल असतो. पिशवीची नाडी ओढावी तसा तो आवळला की बाहुली लहान होते. दुसरे चाकाच्या आऱ्यांसारखे असतात. ते आखडले की दार उघडतं आणि बाहुली मोठी होते. लख्ख उन्हात ती साधारण दोन मिलिमीटरची होते, तर अंधारात तरुण माणसाची बाहुली आठ मिलिमीटरपर्यंत जाते. वय वाढतं तशी बाहुली कमी उघडते. म्हातारपणी तिन्हीसांजेला कमी दिसतं, त्याचं हेही एक कारण.

हे स्नायू आपल्या हुकमात नसतात. हात उचल म्हटलं तर हात उचलतो, पण बाहुली मोठी कर म्हटलं तर ती ऐकत नाही. छातीच्या ठोक्यासारखं तिचं काम आपोआप चालतं. म्हणूनच ती खोटं वागू शकत नाही. भीती वाटली, आनंद झाला, दचकलो की ती मोठी होते. आणि डोक्याला ताण दिला तरीही मोठी होते. हा शेवटचा मुद्दा शास्त्रज्ञांना फार कामाचा वाटला.

सात आठे छप्पन्न आणि बाहुली

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात एकहार्ड हेस नावाचे प्राध्यापक होते. एका रात्री ते अंथरुणात पडून प्राण्यांच्या सुंदर फोटोंचं पुस्तक चाळत होते. त्यांच्या बायकोचं सहज लक्ष गेलं. ती म्हणाली, उजेड कमी पडत असावा, तुमच्या बाहुल्या केवढ्या मोठ्या झाल्यात! उजेड तर पुरेसा होता. मग हेस यांच्या मनात आलं, ही कमाल उजेडाची नसून आवडीची असेल का? दुसऱ्या दिवशी त्यांनी जेम्स पोल्ट या आपल्या मदतनिसाला वेगवेगळी चित्रं दाखवून तपासलं. आवडीचं चित्र आलं की बाहुली मोठी होत होती. बघा, एवढ्या मोठ्या शोधाची सुरुवात एका बाईच्या नजरेतून झाली.

१९६४ मध्ये हेस आणि पोल्ट यांनी आणखी एक प्रयोग छापला. पाच जणांना तोंडी गुणाकार घातले आणि त्यांच्या डोळ्यांचं चित्रण केलं. पहिला सोपा, ७ गुणिले ८. मग ८ गुणिले १३, मग १३ गुणिले १४, आणि शेवटी १६ गुणिले २३. गणित जसं अवघड, तशी बाहुली जास्त मोठी. उत्तर सांगून झालं की ती पुन्हा पहिल्यासारखी.

दोन वर्षांनी, १९६६ मध्ये, डॅनियल कानमन आणि जॅक्सन बीटी या दोघांनी दुसरा प्रयोग केला. कानमन यांना पुढे २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोग साधा होता. दर सेकंदाला एक आकडा ऐकवायचा, असे तीनपासून सातपर्यंत आकडे. ते सगळे लक्षात ठेवायचे आणि मग ओळीनं म्हणून दाखवायचे. प्रत्येक आकड्यागणिक बाहुली थोडी थोडी मोठी होत गेली. म्हणून दाखवताना एकेक आकडा सांगितला, तशी थोडी थोडी लहान होत गेली. डोक्यावर एकावर एक हंडा चढवत जावं आणि घरी आल्यावर एकेक उतरवत जावं, अगदी तसं. ओझं किती आहे ते बाहुलीत दिसत होतं.

कानमन यांनी आणखी एक गोष्ट लिहून ठेवली आहे. अवघड काम करता करता माणसानं मनातून हार मानली, की बाहुली वाढायची थांबते किंवा आखडते. माणूस समोर बसलेलाच असतो, पण आतलं काम थांबलेलं असतं. आणि प्रयोगात भाग घेणारी एक बाई मधल्या सुट्टीत कुणाशी साध्या गप्पा मारत होती, तेव्हा तिची बाहुली लहानच राहिली. म्हणजे नुसतं बोलणं हे ओझं नाही. लक्षात ठेवून डोक्यात मांडामांड करणं, हे खरं ओझं.

हुशार कोण आणि कष्टाळू कोण?

आता मुद्द्याची गोष्ट. जॅक्सन बीटी पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकवू लागले. तिथे सिल्व्हिया अहर्न या विद्यार्थिनीनं १९७८ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. तिचा प्रश्न असा: परीक्षेत जास्त गुण मिळवणाऱ्यांच्या आणि कमी गुण मिळवणाऱ्यांच्या बाहुल्या एकाच गणिताला वेगवेगळ्या वागतात का? अमेरिकेत कॉलेजच्या प्रवेशासाठी एक परीक्षा असते. त्या परीक्षेत चांगले गुण असलेले आणि कमी गुण असलेले असे दोन गट तिनं घेतले आणि दोघांना सारखेच गुणाकार घातले.

तुम्हाला काय वाटतं, कोणाच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या असतील? कमी गुणवाल्यांच्या! १९७९ मध्ये अहर्न आणि बीटी यांनी हे छापलं. तेच गणित करायला कमी गुणवाल्यांना जास्त ताकद लावावी लागत होती. आळशीपणा मुळीच नव्हता. ज्यांना आपण मागे पडलेले म्हणतो, ते त्या क्षणी जास्त राबत होते.

मैत्रिणींनो, याचा विचार करा. सवयीची बाई पंधरा मिनिटांत दहा भाकऱ्या थापते आणि तिच्या कपाळावर घाम दिसत नाही. नवी सून तेवढ्या वेळात चारच करते आणि घामाघूम होते. चार भाकऱ्या बघून आपण म्हणतो, हिला काम नको. पण घाम कोणाला आला? मुलांच्या बाबतीत तर तो घामही दिसत नाही. दिसतो फक्त कागदावरचा आकडा.

पण इथे थांबून एक सावधगिरीही ऐका. २०१० मध्ये बर्लिनच्या अभ्यासकांनी तरुण मुलांना भूमितीच्या आकृत्यांची कोडी घातली. तिथे उलट दिसलं. कोडं खूप अवघड झालं, तेव्हा हुशार गणल्या गेलेल्यांच्या बाहुल्या जास्त मोठ्या झाल्या. मग खरं काय? दोन्ही खरं. ओळखीचं काम सराव असलेल्याला हलकं जातं, म्हणून त्याची बाहुली कमी वाढते. आणि काम फारच नवं, फारच जड असलं, तर ज्याला वाट दिसते तो नेट लावतो आणि ज्याला दिसत नाही तो मनातून सोडून देतो. दोन्ही प्रयोग एकच गोष्ट सांगतात. बाहुली हुशारी मोजत नाही. ती त्या घडीला चाललेली मेहनत दाखवते.

लेकराची ओंजळ लहान असते

लहान मुलांचं काय? कॅलिफोर्नियात बर्कलेच्या विद्यापीठात २०१४ मध्ये हाच आकड्यांचा प्रयोग साधारण दहा वर्षांच्या मुलांवर आणि तरुण माणसांवर केला. तरुणांच्या बाहुल्या आकडे वाढत गेले तशा बराच वेळ वाढत राहिल्या. मुलांच्या मात्र लवकर थांबल्या. मुलांची ओंजळ लहान, ती आधी भरते. भरल्यावर पुढचं ओतलेलं सांडून जातं.

आपण घरात काय करतो? "जा, पाण्याची बादली भर, येताना काकूकडून विळी आण, आणि दप्तर उचलून ठेव, अन् आजोबांना चहा झाला का विचार." पोरगं बादली भरून येतं आणि उभं राहतं. मग आपण म्हणतो, याच्या कानात काय बोळे आहेत का! बोळे नसतात. ओंजळ भरलेली असते.

शाळेतही तसंच. तोंडी उदाहरणात तीन गोष्टी एकदम लक्षात ठेवाव्या लागतात: प्रश्न काय आहे, आकडे कोणते, आणि हातचा किती. एक निसटली की उत्तर चुकतं. आपल्या मराठीत आणखी एक गाठ आहे. आपण 'त्रेचाळीस' म्हणताना तीन आधी बोलतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. नव्यानं शिकणाऱ्या लेकराला मनात हे उलटंपालटं करावं लागतं. बालभारतीनं २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' अशी पर्यायी पद्धत दिली, तेव्हा केवढी चर्चा झाली ते आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकर तेव्हा त्या विषयाच्या समितीच्या प्रमुख होत्या. पद्धत कोणाला पटो न पटो, तिच्यामागचा हेतू हाच होता, की लहान मुलाच्या डोक्यावरचा एक हंडा कमी व्हावा.

भाषेचं ओझंही असतं. फिनलंडमध्ये १९९५ मध्ये दुभाष्याचं काम शिकणाऱ्यांच्या बाहुल्या मोजल्या. नुसतं ऐकताना बाहुली कमी मोठी, ऐकलेलं तसंच्या तसं म्हणताना त्याहून मोठी, आणि ऐकता ऐकता दुसऱ्या भाषेत सांगताना सगळ्यात मोठी. आता आपल्याकडची पहिलीतली पोर डोळ्यांसमोर आणा. घरात पावरी, कोरकू नाहीतर गोंडी बोलणारी, आणि शाळेत पुस्तकी मराठी ऐकणारी. ती गणित करण्याआधीच भाषेचं गणित करत असते.

आणि गोंगाट? ॲमस्टरडॅमच्या अभ्यासकांनी २०१० मध्ये दाखवलं, की आजूबाजूच्या आवाजामुळे बोलणं नीट ऐकू येईना झालं की ऐकणाऱ्याच्या बाहुल्या मोठ्या होतात. ऐकण्यातच ताकद खर्च होते. पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजतोय, शेजारच्या वर्गात पाढे चाललेत, आणि मागच्या बाकावरचं लेकरू बाईंचं बोलणं पकडायला धडपडतंय. ते समजून घ्यायला डोक्यात जागा कुठून उरणार?

डोळ्यात बघून हुशारी सांगता येते का?

नाही. हे ठामपणे लक्षात ठेवा. विचारानं होणारा बाहुलीतला बदल फार बारीक असतो, बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी. दिवा लावला किंवा ढग आला, तर त्याहून कितीतरी मोठा बदल होतो. म्हणून प्रयोगशाळेत उजेड एकसारखा ठेवतात, खास कॅमेरे लावतात आणि तोच प्रयोग पुन्हा पुन्हा करून सरासरी काढतात. घरात किंवा वर्गात नुसत्या डोळ्यांनी ते कळणार नाही.

शास्त्रज्ञांचंही यात एकमत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक या संस्थेत जेसन त्सुकाहारा या संशोधक विद्यार्थ्यानं आपल्या प्राध्यापकांबरोबर असं छापलं, की काहीच काम करत नसतानाही हुशार माणसांच्या बाहुल्या जरा मोठ्या असतात. २०२१ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी अनेक प्रयोग एकत्र करून पाहिलं, तर लक्षात ठेवण्याच्या क्षमतेशी तसा संबंध सापडला नाही. हेस यांचंही एक म्हणणं पुढे टिकलं नाही. नावडती गोष्ट पाहिली की बाहुली आखडते, असं ते म्हणत. नंतरच्या प्रयोगांत तसं दिसलं नाही. विज्ञान असंच पुढे जातं: एक सांगतो, दुसरा तपासतो.

म्हणून उद्या कोणी गावात येऊन म्हणालं, की डोळ्याचा फोटो काढून तुमच्या मुलाची बुद्धी सांगतो, अमुक इतके पैसे द्या, तर पैसे कनवटीला ठेवा. आणि खरोखरचा अभ्यास करायला कोणी शाळेत आलं, तर आपल्याला विचारण्याचा हक्क आहे. आपल्या देशात मुलांवर संशोधन करायचं तर आईवडिलांची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाचं स्वतःचं 'हो'ही लागतं. कशासाठी, किती वेळ, माहिती कोण ठेवणार, हे विचारा. मूल नको म्हणालं तर नको.

मग आपण काय करायचं?

मोजायला यंत्र नको, पण ओझं हलकं करणं आपल्या हातात आहे.

पहिलं, पाढे. घोकंपट्टी म्हणून पाढ्यांना नावं ठेवतात, पण 'सात आठे छप्पन्न' तोंडात बसलं की तेवढा हंडा उतरतो आणि डोकं पुढच्या पायरीला मोकळं होतं. मात्र पाढा चिंचोके मांडून आधी समजू द्या, मग पाठ होऊ द्या.

दुसरं, एका वेळी एकच सांगा. एक झालं की दुसरं.

तिसरं, लिहू द्या, बोटं मोजू द्या, बिया मांडू द्या. कागदावर उतरवलेली गोष्ट डोक्यावर वाहावी लागत नाही. बोटं मोजणारं मूल कच्चं नसतं, ते ओझं वाटून घेत असतं.

चौथं, अभ्यासाच्या वेळी घर अर्धा तास तरी शांत ठेवा. टीव्ही बंद, आणि मोबाइलही. हे सासू-सासऱ्यांना आणि घरधन्यालाही सांगा.

पाचवं, लेकरू शून्यात बघत बसलं तर त्याच्यावर ओरडू नका. त्याच्या आतलं काम थांबलं असेल. पाणी द्या, अंगणात एक चक्कर मारू द्या, आणि मग त्याच गणिताची लहान पायरी घ्या.

सहावं, मागे पडणाऱ्या मुलाचे डोळे आणि कान आधी तपासा. फळा दिसत नसेल, कान वाहत असेल, तर त्याची सगळी ताकद बघण्या-ऐकण्यातच जाते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत वर्षातून एकदा येतं. तारीख आशाताईंकडून विचारून घ्या, आणि त्या दिवशी मुलाला शेतावर नेऊ नका.

बाहुली धोका सांगते तेव्हा

बाहुलीतले काही बदल मात्र नुसत्या डोळ्यांना दिसतात आणि तेव्हा उशीर चालत नाही. बाळाची बाहुली पांढरी दिसली, किंवा फोटोत एका डोळ्यात पांढरी चमक आली, तर लगेच डोळ्याच्या डॉक्टरांना दाखवा. तो मोतीबिंदू असू शकतो, किंवा डोळ्याच्या आतला कर्करोगही. लवकर कळलं तर जीव आणि नजर वाचू शकते. डोक्याला मार लागल्यावर एक बाहुली मोठी आणि एक लहान दिसली, तर तडक दवाखाना गाठा. फवारणी करून आलेल्या माणसाच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तोंडाला लाळ आणि अंगाला घाम सुटला असेल, तर ती विषबाधा आहे असं समजून १०८ ला फोन करा. आणि धोत्र्याला हात लावून डोळे चोळले, तर बाहुली मोठी होऊन धूसर दिसतं. पोटात गेलं तर ते जिवावर बेततं. मुलांना धोत्र्याच्या बोंडांशी खेळू देऊ नका.

बैठकीत करून बघा

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत दोघी-दोघी समोरासमोर बसा. खोलीत थोडा अंधार करा. एकीनं दुसरीच्या एका डोळ्याजवळ, थोडं बाजूनं, साधी बॅटरी लावायची. लेझर मुळीच नको. बाहुली पटकन आखडलेली दिसेल. आणि नीट बघा, उजेड एकाच डोळ्यावर पाडला तरी दोन्ही बाहुल्या आखडतात. आपल्या लेकीलाही दाखवा. विज्ञानाचा धडा पुस्तकाविना होईल.

त्यानंतर एकेकीनं सांगा, आपल्या घरातल्या मुलाला कुठल्या कामात सगळ्यात जास्त जोर लावावा लागतो. किती गुण मिळाले, हे त्या दिवशी विचारायचं नाही. प्रगतिपुस्तकावर गुणांचा रकाना असतो, मेहनतीचा नसतो. तो रकाना आईनं भरायचा असतो. सहामाहीचा निकाल हातात आला, की आधी लेकराला एवढंच विचारा: कुठलं गणित जड गेलं? मग त्याच्याजवळ बसा आणि त्या गणिताची पहिली पायरी दोघं मिळून करा.